एकट्या तरुण मातेचा आधार आणि आसरा

श्रोतेहो, क्षणभर अशी कल्पना करू की, दोघी सख्ख्या बहिणी आहेत. थोरली कोल्हापुरास दिली, धाकटी बेळगावास. थोरलीचा पती अपघातात गेला. धाकटीचा पती घर सोडून गेला आणि त्याने दुसरीकडे संसार थाटला. दोघींचेही वय तिशीच्या आतले आणि दोघींच्या पदरी दोन-दोन लहान मुले. माहेरच्या माणसांना दोघींचे दुःख सारखेच. परंतु सरकारी कचेरीच्या पायरीशी आल्यावर त्यांच्या वाटा फुटतात. एकीला जे मिळते, ते दुसरीला मिळत नाही. असे का होते, आणि अशा वेळी तरुण मातेने कोणते दार ठोठवावे, हे आज पाहावयाचे आहे.

एकट्या मातेला आसरा देण्याचा विचार आपल्या समाजास नवा नाही. १८६३ साली महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेने तेथे यावे, सुरक्षितपणे बाळंत व्हावे आणि मूल जगावे, हा त्यामागील हेतू होता. तेथेच जन्मलेल्या यशवंतास त्यांनी दत्तक घेतले. त्या काळी जे एका दांपत्याच्या करुणेवर आणि धैर्यावर अवलंबून होते, ते आज काही अंशी कायद्याने आणि शासनाने आपल्याकडे घेतले आहे. ‘काही अंशी’ म्हणावयाचे कारण पुढे येईलच.

प्रथम केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनाकडे वळू. इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तिवेतन योजना २००९ साली सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील विधवेस केंद्राकडून दरमहा ३०० रुपये मिळतात. पण त्यासाठी तिचे वय ४० ते ७९ वर्षांच्या दरम्यान असावे लागते. येथेच पहिला पेच आहे. पंचविशीत कपाळ पांढरे झालेल्या स्त्रीस, जिच्या मांडीवर मूल आहे आणि जिला मदतीची सर्वांत अधिक निकड आहे, तिला या योजनेत स्थान नाही. योजनेने विधवा म्हणून प्रौढ स्त्रीच डोळ्यांपुढे धरली, असेच म्हणावे लागते. मात्र राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेस विधवेच्या वयाची ही अट नाही. दारिद्र्यरेषेखालील घरातील कमावते माणूस १८ ते ५९ या वयात दगावले, तर कुटुंबास एकरकमी २०,००० रुपये मिळतात. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

तरुण विधवेची उणीव राज्यांनी आपापल्या परीने भरून काढली आहे, आणि प्रत्येक राज्याची रीत निराळी आहे. महाराष्ट्राची संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालापासूनची. तीत निराधार विधवेबरोबर परित्यक्ता आणि पोटगी न मिळणारी घटस्फोटिता यांचाही समावेश होतो. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा १५०० रुपये आहे. कर्नाटकात निराधार विधवेस वेतन मिळते. २०२१ साली ते ८०० रुपये झाले. अविवाहित व घटस्फोटित स्त्रियांसाठी तेथे ‘मनस्विनी’ ही वेगळी योजना आहे. पण तिची वयोमर्यादा ४० वर्षांपासून सुरू होते. म्हणजे आपल्या गोष्टीतील धाकटी बहीण कोल्हापुरात नांदत असती, तर संजय गांधी योजनेचा अर्ज करू शकली असती. बेळगावात मात्र ती विधवा नाही आणि चाळिशीचीही नाही, म्हणून दोन्हींच्या मध्ये अडकते.

तेलंगणाने २०१७ साली एकाकी स्त्रियांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले आणि २०१९ साली त्याची रक्कम २०१६ रुपये केली. पतीपासून वर्षाहून अधिक काळ विभक्त राहणारी तरुण स्त्रीही त्यास पात्र ठरते. गुजरातेत विधवेच्या साहाय्य योजनेस ‘गंगास्वरूप’ आणि मध्य प्रदेशात ‘कल्याणी’ असे नाव दिले आहे. आपल्याकडे ‘गं. भा.’ लिहिण्याची चाल होती, तिचीच ही भावंडे. शब्द सौम्य झाला हे चांगलेच. परंतु या नावांत केवळ पती निधन पावलेली स्त्री बसते, टाकलेली नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

यातून एक बोध घेण्यासारखा आहे. मदत भाषेच्या किंवा माहेरच्या नात्याने मिळत नाही. जेथे आपले कायम वास्तव्य आहे, तेथील राज्याकडून मिळते. पुण्याच्या मावशीने सांगितलेली योजना वडोदऱ्याच्या भाचीस उपयोगी पडत नाही. म्हणून इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आपल्या बांधवांनी आप्तांच्या ऐकीव माहितीवर न विसंबता तेथल्याच तहसील कचेरीत, बेळगावकरांनी नाडकचेरीत आणि गोव्यातील मंडळींनी मामलेदार कचेरीत चौकशी करावी. वास्तव्याचा व उत्पन्नाचा दाखला, पतीच्या मृत्यूचा दाखला आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते यांची तयारी आधी करावी. स्वतंत्र शिधापत्रिकेचे महत्त्व तर विशेष आहे. कर्नाटकात २०२३ साली सुरू झालेल्या ‘गृहलक्ष्मी’ योजनेचे दरमहा २००० रुपये शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून नोंदलेल्या स्त्रीस मिळतात. टाकलेल्या सुनेचे नाव सासूच्या पत्रिकेत राहिले, तर पैसा सासूच्या खात्यात जातो.

आता जी वाट सर्व राज्यांत सारखी आहे, तिच्याकडे येऊ. ती आईच्या वयावरून नव्हे, तर मुलाच्या गरजेवरून जाते. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ या योजनेत २०२२ पासून मुलाच्या संगोपनार्थ दरमहा ४००० रुपयांच्या प्रायोजकत्वाची तरतूद आहे. आई विधवा, घटस्फोटित किंवा कुटुंबाने टाकलेली असेल, तर तिच्या मुलाचा विचार होतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० रुपयांच्या आणि अन्यत्र ९६,००० रुपयांच्या आत असावे लागते. अर्ज जिल्हा बालसंरक्षण कक्षाकडे करावयाचा असतो. बेळगावची धाकटी बहीण येथे अडत नाही.

दुसरी सार्वत्रिक वाट पोटगीची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमान्वये, म्हणजेच पूर्वीच्या १२५ व्या कलमान्वये, पत्नीस व मुलांस पोटगी मागता येते. त्यासाठी नवऱ्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत; स्त्री स्वतः जेथे राहते, तेथील न्यायालयात अर्ज चालतो. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले आहे. म्हणून ‘तो परत येईल’ या आशेवर वर्षे दवडणे हिताचे नाही. अविवाहित मातेच्या मुलासही पित्याकडून पोटगीचा हक्क आहे. पित्याचे नाव उघड न करताही अशा मातेस मुलाचे पालकत्व मिळू शकते, आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावरून मुलाचा जन्मदाखला द्यावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २०१५ सालचा आहे.

अन्नाची सोय झाली तरी छप्पर हवेच. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ सालच्या कायद्याने स्त्रीस सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी हा हक्क आपोआप नष्ट होत नाही, असे २०२० सालच्या निकालात म्हटले आहे. छळ होत असेल, तर दंडाधिकारी पतीस निराळे घर देण्याचा किंवा भाडे भरण्याचा हुकूम करू शकतो. अर्ज करण्यास प्रत्येक जिल्ह्यातील संरक्षण अधिकारी साहाय्य करतो. विधवेविषयी म्हणावयाचे तर, पती मृत्युपत्र न करता गेला असता त्याच्या स्वतःच्या मिळकतीत हिंदू विधवेस मुलांच्या व सासूच्या बरोबरीने वाटा मिळतो. गोव्यात कायदा आणखी उदार आहे. तेथे विवाहकाळी वेगळा करार झाला नसेल, तर संपत्ती पतिपत्नींची समाईक असते आणि पतीच्या पश्चात अर्धा हिस्सा पत्नीचा स्वतःचाच राहतो. तेव्हा दुःखाच्या भरात, कोणी पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर सही करू नये. अशी एक सही पुढे घरास मुकवते.

जिला घरच नाही, तिच्यासाठी शासनाच्या दोन सोयी आहेत. नोकरी करणाऱ्या स्त्रीस ‘सखी निवास’ या वसतिगृहात मुलांसह राहता येते. मुलगी १८ वर्षांची व मुलगा १२ वर्षांचा होईपर्यंत. संकटग्रस्त स्त्रीसाठी ‘शक्ती सदन’ आहे. कायमच्या घराचे म्हणाल, तर प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०२४ साली सुरू झालेल्या शहरी दुसऱ्या टप्प्यात विधवांना व एकट्या स्त्रियांना प्राधान्य दिले आहे. मात्र स्वतः घर बांधण्यासाठीचे अनुदान, ज्याची जागा आहे, त्यालाच उपयोगी पडते. आणि टाकलेल्या स्त्रीजवळ जागा कोठून असणार?

शासनाचा आधार असा तुटक आहे. एक योजना वयाने अडते, दुसरी ‘विधवा’ या शब्दाने, तिसरी जागेच्या उताऱ्याने. ते तुटके धागे जोडण्याचे काम आपल्यासारख्यांना करता येईल. आपल्या शेजारी, नात्यात, वाड्यात अशी एखादी माता असेल, तर तिला कोरडी सहानुभूती देण्यापेक्षा तिच्याबरोबर कचेरीत जावे, तिचा अर्ज लिहून द्यावा, शिधापत्रिका वेगळी करण्यास हातभार लावावा. कोल्हापूरच्या थोरलीस हे सोपे जाईल. बेळगावच्या धाकटीस आपली सोबत अधिक लागेल.