स्मूदीतलं केळं आणि योशिदांचा चीक

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात दिसू लागली की स्मूदीबद्दलचे प्रश्नही येऊ लागतात. त्यातला एक प्रश्न हल्ली ठरलेला असतो : स्ट्रॉबेरीबरोबर केळं फिरवलं तर स्ट्रॉबेरीचे गुण वाया जातात, हे खरं का? प्रश्नाचं मूळ मोबाइलवर फिरणाऱ्या एका बातमीत आहे. बातमी खोटी नाही, पण तिचा मथळा तिच्या मजकुरापेक्षा बराच मोठा झाला आहे.

मूळ अभ्यास २०२३ मध्ये ‘फूड अँड फंक्शन’ या नियतकालिकात आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं डेव्हिस इथलं केंद्र आणि इंग्लंडमधलं रेडिंग विद्यापीठ यांतल्या संशोधकांनी तो केला. आठ निरोगी माणसांना वेगवेगळ्या दिवशी तीन गोष्टी दिल्या : केळ्याची स्मूदी, मिश्र बेरींची स्मूदी आणि तुलनेसाठी फ्लॅव्हनॉलची कॅप्सूल. मग त्यांच्या रक्तात आणि लघवीत फ्लॅव्हनॉल किती उतरलं ते मोजलं. बेरींची स्मूदी कॅप्सूलच्या तोडीस तोड निघाली. केळ्याच्या स्मूदीनंतर मात्र कॅप्सूलच्या तुलनेत ८४ टक्के कमी फ्लॅव्हनॉल शरीरात पोहोचलं. फ्लॅव्हनॉल म्हणजे चहा, कोको, सफरचंद, द्राक्षं, बेरी यांत असणारी आणि हृदयाला उपकारक मानली जाणारी रसायनं. ती गेली कुठे? केळ्यानं ती खाल्ली, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. ज्या क्रियेनं कापलेलं केळं काळं पडतं, तीच इथे चालू होती.

केळ्याच्या गरातल्या पेशीत फिनॉल गटातली रसायनं रिक्तिकेत साठवलेली असतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेझ नावाचं विकर असतं लवकांमध्ये. मध्ये पातळ पडदे. फळ अखंड आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. जुन्या घरांतला पानाचा डबा आठवा. त्यात कात आणि चुना शेजारी शेजारी असतात, महिनोन् महिने काही होत नाही. पानावर दोन्ही एकत्र आले आणि विडा चावला की तोंड लाल. ही उपमा मला विशेष आवडते, कारण रसायनशास्त्र इथेही तेच आहे. कातातलं कॅटेचिन हे बेरींतल्या फ्लॅव्हनॉलच्या कुळातलंच, आणि चुन्याच्या सान्निध्यात हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचा रंग पालटतो. केळ्यात चुन्याचं काम विकर करतं आणि लालऐवजी तपकिरी, मग काळा रंग येतो.

आता मिक्सरकडे बघा. रिकामं पातं मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतं. पेशी फुटतात, पडदे उरत नाहीत, आणि भांड्यात जो भोवरा तयार होतो तो वरची हवा खाली ओढत राहतो. विकर, फिनॉल आणि ऑक्सिजन, तिघांचीही इतकी चांगली भेट दुसऱ्या कुठल्या उपकरणात होत नसेल. वाटीत काट्यानं कुस्करलेलं केळं तासाभरानं पाहिलं तर वरचा थर मातकट झालेला असतो. चमच्यानं तो बाजूला सारला की खाली फिकट पिवळा गर तसाच असतो, कारण तिथे हवा पोहोचलेली नसते. मिक्सरमधून काढलेली स्मूदी वरपासून तळापर्यंत सारखीच करडी होत जाते. आपलं शिकरण या बाबतीत भाग्यवान. केळ्याच्या चकत्या हातानं किंवा चमच्यानं जेमतेम मोडायच्या, आयत्या वेळी दूध-साखर घालायची आणि पोळीबरोबर लगेच संपवायचं; विकराला ना पुरेशा फुटलेल्या पेशी मिळतात, ना वेळ.

केळ्यातलं हे विकर ज्याच्यावर मुख्यतः काम करतं ते रसायन म्हणजे डोपामीन. हो, मेंदूत असतं तेच. त्यावरून ‘केळं खा, आनंदी व्हा’ असं सांगणारे बरेच आहेत. पण खाल्लेलं डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. केळ्यासाठी त्याचा उपयोग जखम काळी करून बंद करण्यापुरता आहे आणि ते काम ते चोख करतं.

हे सगळं कळलं कसं, याची गोष्ट मला केळ्याहून गोड वाटते आणि ती फळापासून सुरू होत नाही. ती सुरू होते जपानमधल्या एका झाडाच्या चिकापासून. आपली लाख किड्यांपासून मिळते. जपानी भांड्यांवरचा तो आरशासारखा चकाकणारा लेप, उरुशी, मात्र झाडाच्या खोडाला खाचा पाडून काढलेल्या चिकाचा असतो. हे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून ज्यांना फोड आले आहेत, किंवा धोब्यानं कपड्यावर बिब्ब्याची खूण केलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कुळाचा गुण माहीत आहे. उरुशीचा कच्चा चीकही कातडी भाजतो. पण कारागिरांना कोड्यात टाकणारी गोष्ट निराळी होती. एरवी ओला लेप कोरड्या हवेत लवकर वाळतो. उरुशी वाळते ती दमट हवेत. म्हणून रंगवलेली भांडी मुद्दाम ओलसर ठेवलेल्या कपाटांत ठेवायची रीत होती.

हिकोरोकुरो योशिदा या पंचविशीही न गाठलेल्या जपानी रसायनशास्त्रज्ञानं हे कोडं हातात घेतलं. तोक्योला त्याला शिकवणारे रॉबर्ट ॲटकिन्सन हे इंग्रज प्राध्यापक साके या मद्याच्या रसायनशास्त्रावर काम करत होते. म्हणजे देशी कारागिरीला प्रयोगशाळेत आणायचं वळण त्याला गुरूकडूनच मिळालं होतं. योशिदानं चिकाचे घटक वेगळे केले. अल्कोहोलात विरघळणारा तेलकट आम्लधर्मी भाग, डिंक, पाणी आणि थोडासा नायट्रोजनयुक्त पदार्थ. तेलकट भाग एकटा ठेवला तर वाळत नाही. त्यात तो शेवटचा पदार्थ परत मिसळला, ओलावा आणि हवा दिली, की वाळतो आणि वाळताना ऑक्सिजन घेतो. चीक आधी तापवला तर तो कायमचा ओला राहतो. यावरून त्यानं निष्कर्ष काढला की हे वाळणं म्हणजे पाणी उडून जाणं नव्हेच. एक विकर हवेतला ऑक्सिजन त्या तेलकट पदार्थाला जोडतं, त्याला पाणी लागतं आणि उष्णतेनं ते मरतं. हा निबंध १८८३ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. विकरं पदार्थ तोडतात, पचवतात, हे तोवर माहीत होतं. पण ऑक्सिजन जोडून देणारंही विकर असू शकतं, हे इतक्या स्वच्छपणे आधी कुणी दाखवलं नव्हतं.

अकरा वर्षांनी, १८९४ मध्ये, पॅरिसच्या गाब्रिएल बेरत्रां यांनी इंडोचायनातून आलेल्या तशाच चिकावर काम केलं आणि त्या विकराला लॅकेस हे नाव दिलं. पुढच्या वर्षी बूर्कलो यांच्या साथीनं त्यांनी कापल्यावर काळ्या पडणाऱ्या अळंब्यांमध्ये असंच आणखी एक विकर शोधलं, टायरोसिनेझ. केळ्यातलं विकर या दुसऱ्याच्या जवळचं. बेरत्रां मोठे शास्त्रज्ञ होते यात शंका नाही, पण लॅकेसला मँगेनीज लागतं हे त्यांचं मत पुढे टिकलं नाही. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्लिनला कुबोविट्झ आणि केंब्रिजला केलिन आणि मान यांनी दाखवलं की या साऱ्या विकरांच्या गाभ्यात तांबं असतं. तरीही विकराचं नाव निघालं की बेरत्रां आठवतात आणि योशिदा तळटीपेत जातात. मला हा अन्याय वाटतो. दमट कपाटाच्या कोड्याचं उत्तर ज्यानं काढलं, त्याचं नाव शाळेतल्या पुस्तकात यायला हवं.

तर, काळं पडणं थांबवायचं कसं? लिंबू पिळा, हे प्रत्येक स्वयंपाकघर जाणतं. पण लिंबूच का, हा प्रश्न एका माणसानं फार गंभीरपणे घेतला. आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी हा हंगेरियन संशोधक १९२० च्या दशकात नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथे होता. त्यानं पाहिलं की वनस्पतींचे दोन गट पडतात : जखम झाल्यावर काळ्या पडणाऱ्या, जसं बटाटा किंवा केळं, आणि न पडणाऱ्या, जसं लिंबू-संत्रं. दुसऱ्या गटातल्या वनस्पतींच्या रसानं एक नेहमीची रंगक्रिया करून पाहिली, तर रंग येई, पण क्षणभर उशिरा. तेवढ्या क्षणभराच्या विलंबावर त्यानं पुढची काही वर्षं घालवली! रसात असं काहीतरी आहे जे स्वतः ऑक्सिडाइझ होऊन दुसऱ्याला वाचवतं आणि ते संपलं की रंग उमटतो, असा त्याचा तर्क होता. ॲडिसनच्या आजारात, म्हणजे अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्यावर, माणसाची कातडी काळवंडते, म्हणून त्यानं तोच पदार्थ त्या ग्रंथींतही शोधला आणि १९२८ मध्ये केंब्रिजला शुद्ध स्वरूपात मिळवला. पुढे हंगेरीत सेगेदला अमेरिकेहून आलेल्या जोसेफ स्विरबेली या तरुणानं गिनीपिगांवर प्रयोग केले आणि हेच क जीवनसत्त्व असल्याचं दिसलं. मग प्रयोगांना पुरेसा साठा हवा होता, तो मिळाला सेगेदच्या प्रसिद्ध पाप्रिका मिरच्यांतून. १९३७ चं नोबेल त्याला मिळालं. काळं न पडणाऱ्या फळापासून निघालेला रस्ता स्कर्व्हीच्या उत्तरापर्यंत गेला.

स्मूदीत लिंबू दोन कामं करतं. आंबटपणामुळे विकर मंदावतं. शिवाय लिंबातलं क जीवनसत्त्व, केळ्यातल्या फिनॉलचं जे काही रूपांतर होतं ते लगेच उलटवतं, रंग तयार होण्याआधीच. पण ते स्वतः खर्च होत राहतं, म्हणून लिंबू पिळलेली स्मूदीही तासा-दीड तासात मळकट दिसू लागते. लिंबू आधी भांड्यात गेलं पाहिजे आणि केळं नंतर; फिरवून झाल्यावर पिळलेलं लिंबू पेशी फुटतानाच्या पहिल्या धडाक्याला उपयोगी पडत नाही.

आता परत त्या अभ्यासाकडे. तो नेटका आहे, पण त्याचं काम मर्यादित आहे. आठ माणसं, रसायनांचा एकच गट, आणि मोजलं ते शरीरात पोहोचलेलं प्रमाण. प्रकृतीवर काय परिणाम झाला ते नव्हे. या संशोधनात मार्स या चॉकलेट कंपनीचा पैसा आणि तिचे शास्त्रज्ञ आहेत, आणि ही कंपनी कोकोतल्या फ्लॅव्हनॉलची पूरक उत्पादनं विकते. त्यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. मात्र ‘स्मूदीत केळं नको’ हा मथळा या निष्कर्षांतून निघत नाही. केळ्यातलं पोटॅशियम, तंतू यांतलं काहीही मिक्सरनं जात नाही. फ्लॅव्हनॉलसाठीच बेरी खायच्या असतील तर त्यांना केळ्याऐवजी आंबा, अननस, संत्रं किंवा दह्याची जोड द्यावी, असं संशोधक सांगतात, आणि तो सल्ला मला पटतो. मार्चनंतर स्ट्रॉबेरी आणि हापूस काही आठवडे एकत्र मिळतात. दह्यात फिरवून बघा. केळं वेगळं खावं, तेही जरा अंतरानं, कारण हे विकर पोटातही काही काळ काम करत राहतं असं याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात दिसलं.

माझ्या मते केळ्याहून मोठा प्रश्न आहे, फळ चावायचं की प्यायचं. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक साधा, सुंदर प्रयोग मांडला. दहा जणांना सफरचंद तीन रूपांत दिलं : अखंड, लगदा आणि रस. रस अखंड फळाच्या अकरापट वेगानं प्यायला गेला. मग तिन्ही प्रकार सारख्याच वेळात संपवायला लावले, तरीही रसानं पोट सर्वांत कमी भरलं आणि त्यानंतर रक्तातली साखर चढून झपकन खाली आली. लगदा मधोमध राहिला. स्मूदी म्हणजे हाच लगदा. गाळली नाही तर ती रसापेक्षा निश्चित बरी, फळापेक्षा उणी. मिक्सरमधून काढून वर गाळणीतून गाळणारे लोक तिला पुन्हा रस करून टाकतात.

दुधाची स्मूदी करणाऱ्यांसाठी विकरांचा आणखी एक गट महत्त्वाचा आहे. पपईत पपेन, अननसात ब्रोमेलेन, किवीत ॲक्टिनिडिन. ही विकरं दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतात. म्हणून किवी किंवा कच्चा अननस घातलेलं दूध ठेवलं की फुटतं आणि कडवट होतं. कडवटपणा त्या तुकड्यांचाच. पिकलेल्या पपईत पपेन कच्चीपेक्षा बरंच कमी असतं, तरी पपईचं दूध ताजंच प्यावं. अननस आधी शिजवून घेतला तर अडचण उरत नाही, कारण योशिदाच्या चिकाप्रमाणे हेही विकर उष्णतेनं निकामी होतं.

थंडीनं मात्र होत नाही. अनेकजण केळ्याचे तुकडे फ्रीझरमध्ये ठेवतात आणि सकाळी बाहेर काढून मऊ होऊ देतात. गोठताना बर्फाचे टोकदार कण पेशींचे पडदे फाडतात आणि विकर तसंच शाबूत राहतं. त्यामुळे विरघळणारं केळं ताज्या केळ्यापेक्षाही झपाट्यानं काळं पडतं. तुकडे लिंबाच्या रसात घोळवून, हवा काढलेल्या पिशवीत गोठवावेत आणि दगडासारखे कडक असतानाच मिक्सरमध्ये टाकावेत.