बॅग गेली आखातात!

बेल्टवर आता फक्त कुणाचीतरी प्रॅम आणि एक फाटका खोका फिरत होता. तो खोका तिसऱ्यांदा समोरून गेला आणि माझ्या पोटात गोळाच आला. मँचेस्टर, मंगळवारची सकाळ, शनिवारी मावसबहिणीचं लग्न. आणि माझ्या लाल बॅगेत काय? तर तिने लग्नात नेसायची आमच्या आजीची पैठणी!

"हँडबॅगेत का नाही ठेवलीस?" हा प्रश्न आईने, मावशीने आणि खुद्द नवरदेवानेसुद्धा विचारून झालाय. हँडबॅगेत लॅपटॉप होता आणि भाजणीच्या चकल्या. मोडू नयेत म्हणून. हो, कळतंय मला!

मुंबईहून एका कंपनीचं विमान, मधे आखातात दीड तासाचं कनेक्शन, पुढे दुसऱ्याच कंपनीचं विमान. तिकीट मात्र एकच. मुंबईत बॅगेला थेट मँचेस्टरचा टॅग लागला तेव्हा वाटलं, चला, सुटलो. पण पहिलं विमान पाऊण तास लेट झालं. मी धावतपळत दुसरं गाठलं, बॅगेला काही पळता आलं नाही.

काउंटरवरच्या मुलीने पीआयआर, म्हणजे प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट, भरून दिला. त्यासाठी तिने बॅगेच्या टॅगची ती चिकट पावती मागितली. मी ती जवळजवळ फेकलीच होती! मंडळी, हा रिपोर्ट हातात पडल्याशिवाय हॉलमधून बाहेर पडू नका. नंतर 'माझी बॅग आलीच नव्हती' हे पटवता पटवता नाकी नऊ येतात.

पुढचे तीन दिवस फोनाफोनी. मँचेस्टरला आणणारी कंपनी म्हणे, बॅग आमच्याकडे चढलीच नाही. मुंबईहून निघालेली म्हणे, शेवटच्या कंपनीला विचारा. दोघींच्या भांडणात मी होल्डवरचं संगीत ऐकत बसलेली. शेवटी एका वकील मैत्रिणीला मेसेज टाकला. तिचं एका ओळीत उत्तर आलं, "चूक कोणाची ते तू कशाला शोधतेस?"

मुद्दा असा. १९९९ चा माँट्रियल करार भारताला २००९ पासून लागू आहे. त्याचं ३६ वं कलम सांगतं, की एकाच प्रवासात एकापाठोपाठ एक कंपन्या असतील तर बॅगेसाठी तुम्ही पहिल्या कंपनीला धरू शकता, शेवटच्या कंपनीला धरू शकता आणि जिच्या टप्प्यात घोळ झाला तिलाही. जबाबदारी एकत्रित आणि प्रत्येकीची स्वतंत्रही. आपापसात काय वाटून घ्यायचं ते त्यांनी बघावं. (स्वस्त पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढणाऱ्यांनो, तिथे मात्र हा मुद्दा लंगडा पडू शकतो.)

मी दोन्ही कंपन्यांना एकच मेल ठोकला. खाली ३६ वं कलम, सोबत पीआयआर आणि बिलं. दोन ड्रेस, स्वेटर, शूज, टूथब्रशसुद्धा. आधी एका कंपनीने कूपन देऊ केलं, पुढच्या प्रवासासाठी. पुढच्या प्रवासासाठी! मी नको म्हणून लेखी कळवलं. सात आठवड्यांनी बिलांचे पैसे खात्यात जमा झाले.

तारखा सांभाळा, बॉस. बॅग फाटून-तुटून आली तर सात दिवसांत लेखी तक्रार. उशिरा आली तर हातात पडल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवसांत आलीच नाही, तर ती हरवली असं धरून दावा करता येतो. आणि कोर्टात जायचं तर दोन वर्षांच्या आत. आपल्याकडे २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी कंपनीच्या गावाला जायची गरज नाही.

किती मिळतं? करारातली मर्यादा डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ढोबळमानाने ही रक्कम दोन हजार डॉलर होते. पण हे छत आहे, बक्षीस नाही. जेवढं नुकसान दाखवाल तेवढंच. बॅगेत जास्त किमतीचं काही असेल तर चेक-इनच्या वेळी तसं जाहीर करून, मागतील ते जादा पैसे भरून ही मर्यादा वाढवून घेता येते. हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?

आणि माहीत असतं तरी आजीच्या पैठणीची किंमत काय लिहिणार होते? तिचं बिल कुणाकडेच नाही. फॉर्ममध्ये 'खरेदीचं वर्ष' असा एक रकाना होता. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, आजीच्या लग्नातली ना ती." एवढं म्हणून ती गप्पच झाली.

शनिवारी बहीण मावशीची नारायणपेठ नेसून बोहल्यावर उभी राहिली. सुंदर दिसत होती. मी फोटोत मागच्या रांगेत, सेलमधल्या ड्रेसमध्ये.

बॅग सोमवारी संध्याकाळी दारात आली. एक चाक तुटलेलं, आतली पैठणी घडीसुद्धा न मोडता जशीच्या तशी. पुढच्या रविवारी सत्यनारायणाच्या पूजेला बहिणीने ती नेसली, आणि आईने पुण्यातून व्हिडिओ कॉलवर निऱ्या नीट करायला लावल्या. तुटलेल्या चाकाची तक्रार मी त्याच रात्री पाठवली.

चकल्या मात्र एकूण एक शाबूत पोहोचल्या होत्या.