मेळघाटचे रान व कोरकूंची राखण

वऱ्हाडच्या कास्तकारास मेळघाट म्हटले म्हणजे उत्तरेकडील निळी डोंगररांग, सागाचे लाकूड व वाघ एवढेच बहुधा आठवते. परंतु अकोट, तेल्हारा, दर्यापूर या बाजूच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात घेववत नाही; आणि तेथील पुष्कळ गावे ज्या वाण व शहानूर नद्यांच्या धरणांवर आपली तहान भागवितात, त्या दोन्ही नद्या याच डोंगरांतून खाली उतरतात. सबब वरचे रान कोण राखतो व कोणत्या रीतीने राखतो, याची चौकशी खालच्या जमीनदाराने अवश्य करावी असे आम्हांस वाटते.

त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक म्हणजे कोरकू. यांची बोली मुंडा कुळातील असून ती मराठीशी किंवा शेजारच्या गोंडीशीही जुळत नाही. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातींविषयी १९१६ साली जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोरकूंच्या कुळींची नावे दिली आहेत. त्यांत जंबू म्हणजे जांभूळ व साकुम म्हणजे सागाचे पान अशी झाडापानांची नावे आढळतात. आजही जांबेकर, भिलावेकर ही आडनावे मेळघाटात घरोघर ऐकू येतात. गावचा मुठवा देव म्हणजे दगडांची एक रास. डोंगरदेवाचे ठाणे गावाबाहेरच्या जवळच्या टेकडीवर असते व दसऱ्यास त्याची पूजा होते. पूजेचा अधिकार भुमकाकडे. वाघापासून गावाचे रक्षण करणे हेही त्याच्याच माथी. मृतांच्या स्मरणार्थ सूर्य, चंद्र व घोडेस्वार कोरलेले लाकडी खांब, ज्यांस मुंडा म्हणतात, ते गावाबाहेर झाडाखाली उभे केलेले असतात. ज्या टेकडीवर देव व ज्या झाडाखाली बापजादे, तेथे कुऱ्हाड सहजासहजी चालत नाही, हे कोणासही समजेल.

मात्र एवढ्यावरून रीतिरिवाजानेच रान राखले गेले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. कोरकूंची जंगल जाळून करावयाची फिरती शेती इंग्रजी वनखात्याने बंद पाडली. रान सरकारचे झाले. आणि जे आपले नाही त्याची राखण कोण करणार? परतवाड्याजवळील पायविहीर या बव्हंशी कोरकू वस्तीच्या गावाचे उदाहरण घ्यावे. तेथील टेकड्या तोडीने व चराईने उघड्या पडल्या होत्या, आणि डोंगरदेव तेव्हाही तेथेच होता. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ साली सुमारे १९३ हेक्टर रानावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, तेव्हा ग्रामसभेने आपले नियम बसविले, पाळत ठेविली, माती-पाणी अडविले व झाडे लाविली. सीताफळे व तेंदूपाने यांची विक्री गावाने स्वतः हाती घेतली. २०१४ साली या गावास जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्या मते श्रद्धेने मन तयार होते, पण राखणीस माणूस उभा राहतो तो हक्क हाती आल्यावरच.

हाच अनुभव सातासमुद्रांपलीकडे बोर्निओ बेटावरील दायाक लोकांसही आला आहे. त्यांच्यातही वडिलोपार्जित फळबागा व गावाने राखून ठेवलेले रान असा रिवाज आहे. इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाने २०१३ साली असा निकाल दिला की, रूढीने चालत आलेले रान हे सरकारी रान नव्हे. त्यानंतर २०२० साली सुंगाई उतिक या इबान दायाक गावास ९,४८० हेक्टर रान त्याचे म्हणून मान्य झाले. आमच्याकडे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास सुमारे १,८०० हेक्टरांवर असाच हक्क २००९ मध्येच मिळाला होता, हे येथे सांगितले पाहिजे.

मेळघाटात सर्वत्र असे झालेले नाही. १९७३-७४ पासून तेथे व्याघ्रप्रकल्प आहे. त्याच्या पोटातील बोरी, कोहा, कुंड इत्यादी गावे या शतकाच्या आरंभापासून उठवून खाली अकोट भागात बसविण्यात आली. वाघास निर्वेध रान पाहिजे हे आम्हांस मान्य आहे. परंतु मुठवा व मुंडा मागे टाकून सपाटीवर आलेल्या माणसास मोबदल्याचा धनादेश पुरतो असे मानणे बरोबर नाही. २०१९ च्या जानेवारीत उठविलेल्या गावांतील कित्येक लोक परत रानात गेले व तेथे झटापट झाली, ती बातमी वाचकांच्या स्मरणात असेलच.

आता थोडे आपल्याकडे पाहू. आमची सारी नोकरी महसुली दप्तरात गेली. गावोगावच्या ई-क्लास जमिनी कागदावर जशाच्या तशा आहेत. प्रत्यक्ष जाऊन पाहावे तो धुरा दरसाल दोन तासांनी सरकलेला! हे सरकविणारे कोरकू नव्हेत. गुरे चारावयास जागा नाही म्हणून ओरडणाऱ्यांतच ते पुष्कळदा असतात.

कायद्यातील एक गोष्ट दप्तरी माणसास विशेष वाटते, ती सांगतो. सामूहिक दाव्यास पुरावा म्हणून सरकारी कागद, गॅझेटिअर व निस्तारपत्रक तर चालतातच. शिवाय वृद्धांचे लेखी घेतलेले जबाब, देवस्थाने, पवित्र झाडे, दफनभूमी व पूर्वापार चराईच्या जागा हेही चालतात. म्हणजे जो मुंडा आजवर कोणत्याही खसऱ्यात नोंदला गेला नाही, तो आता पुराव्यात दाखल होऊ शकतो. दावा प्रथम ग्रामसभेपुढे, मग उपविभागीय समितीकडे व शेवटी जिल्हा समितीकडे जातो. पुरावे एकाहून अधिक लागतात. मेळघाटच्या पायथ्याशी ज्यांची शेते आहेत, अशा लिहित्या वाचकांनी शेजारच्या कोरकू पाड्यातील म्हाताऱ्यांचे जबाब स्वच्छ अक्षरांत उतरवून दिल्यास ते काम एका बैठकीत होण्याजोगे आहे. कागद दोन प्रतींत करावा व एक गावातच ठेवावी.