कणा का दुभंगतो?

पाठीच्या मधोमध वरून खाली बोट फिरवून पाहा. एकामागून एक हाडांचे उंचवटे हाताला लागतील. ही मणक्यांची मागची टोके. प्रत्येक मणक्याला मागे हाडाची कमान असते. कमानीखाली कमान येऊन जो बोगदा होतो, त्यातून मज्जारज्जू जातो. मेंदूचे हुकूम पायांपर्यंत आणि पायांची खबर मेंदूपर्यंत पोचते ती त्याच्यामार्फत.

काही बालकांत या कमानी जन्मतःच मागून जुळलेल्या नसतात. या व्यंगाला ‘स्पायना बायफिडा’, म्हणजे दुभंगलेला कणा, असे म्हणतात. कधी एखाद्या कमानीत बारीकशी फट असते व ती जन्मभर कळतही नाही. गंभीर प्रकारात मात्र मज्जारज्जूच फटीतून बाहेर येतो. मग पाय लुळे पडतात, लघवीवर ताबा राहत नाही. पुष्कळदा मेंदूत पाणी साचून डोके मोठे होऊ लागते.

असे का होते? तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी असते. करंजीच्या कडा जुळवाव्यात तशा तिच्या दोन्ही कडा उचलल्या जाऊन एकमेकींना चिकटतात व नळी तयार होते. या नळीपासूनच पुढे मेंदू व मज्जारज्जू घडतात. गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत हे काम संपते. तेव्हा गर्भ तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो, आणि आपण गरोदर आहोत हे पुष्कळदा आईलाही ठाऊक नसते! नळी खाली कुठे उघडी राहिली, की तेथे कणा दुभंगतो.

यावरच्या उपायाचा एक धागा मुंबईत सापडतो. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर येथे आली. गिरणीकामगार वस्तीतील गरोदर स्त्रियांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे तिला आढळले. अर्कातील तो गुणकारी पदार्थ म्हणजे फॉलिक आम्ल, हे ‘ब’ गटातील जीवनसत्त्व. नव्या पेशी घडण्यासाठी ते लागतेच. त्याच्या उणिवेचा या व्यंगाशी संबंध असावा, असे १९६५ साली एलिझाबेथ हिबर्ड व रिचर्ड स्मिथेल्स यांनी सुचवले.

पुरावा मिळाला १९९१ साली. पूर्वी असे व्यंग असलेले मूल झालेल्या स्त्रियांवर सात देशांत प्रयोग झाला. फॉलिक आम्ल घेतलेल्या ५९३ जणींपैकी ६ जणींच्या गर्भात व्यंग पुन्हा आढळले. न घेतलेल्या ६०२ जणींपैकी २१ जणींच्या!

पालेभाज्या, डाळी, शेंगदाणे यांत हे जीवनसत्त्व असते. पण शिजवताना बरेच नष्ट होते. म्हणून मूल होण्याची शक्यता असणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेच्या आधीपासूनच रोज ०.४ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे, असे डॉक्टर सांगतात. पूर्वी असे मूल झाले असेल, तर मात्रा वाढवतात. तरीही काही बालकांत हे व्यंग येतेच, कारण आनुवंशिकता व आईचा मधुमेह यांसारखी इतर कारणेही आहेत.

ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून मूल असे जन्मले, असे आजही कोणी म्हणतात. ग्रहणाचा येथे काही संबंध नाही. बोल लावून आईचे दुःख मात्र वाढते. शस्त्रक्रिया, व्यायाम व कुबड्या किंवा चाकाची खुर्ची यांच्या आधाराने अशी अनेक मुले शाळेत येतात, शिकतात. तुमच्या वर्गात असा मित्र आला तर शाळेच्या पायरीशेजारी एक उतार हवा, हे गुरुजींना तुम्हीच सांगा.