भाजलेल्या कॉफीचा घरगुती हिशेब

घरच्या घरी कॉफी भाजून विकण्याचा विचार करणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा एकच गणित असतं. हिरवा दाणा स्वस्त, भाजलेला महाग, मधला फरक आपला. गणित इतकं सरळ असतं तर चिकमगळूर आणि कोडगूच्या मळेवाल्यांनी कच्चा माल विकणं केव्हाच थांबवलं असतं. पूर्वी त्यांना आपली कॉफी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जमा करावी लागे. नव्वदच्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल झालं आणि 1996 पासून माल कुणालाही, कसाही विकायची मुभा मिळाली. तरीही भारतीय कॉफीचा मोठा हिस्सा आजही हिरव्या दाण्याच्याच रूपात परदेशी जातो. कारण हिरवा दाणा कोरड्या जागी कित्येक महिने तग धरतो, तर भाजलेल्या दाण्याचा सुगंध काही आठवड्यांतच उतरू लागतो. भावातल्या त्या फरकात नफा थोडा असतो. बाकीचे पैसे घट, वेळ आणि न खपलेला माल यांच्या जोखमीपोटी मिळतात, आणि घरगुती उद्योजकाचा अंदाज नेमका तिथेच चुकतो.

आधी घट पाहू. हिरव्या दाण्यात 10 ते 12 टक्के पाणी असतं. भाजताना ते जातं आणि घन भागातलाही थोडा अंश वायू होऊन उडतो. मध्यम भाजणीत वजन साधारण 15-16 टक्क्यांनी उतरतं, गडद भाजणीत 18-20 टक्क्यांपर्यंत. उदाहरणादाखल किलोला 500 रुपये भाव धरा. 16 टक्के घटीने किलोचे 840 ग्रॅम उरतात, म्हणजे वीज, पिशवी, कुरिअर यांचा एक पैसाही न मोजता तो दाणा 595 रुपयांवर जातो. वेळेचा हिशेब याहून कडक आहे. 250 ग्रॅमच्या घरगुती यंत्रावर तापवणं, भाजणं आणि थंड करणं मिळून एका घाण्याला 20 मिनिटं धरली, तर तासाला तीन घाणे होतात आणि हाती येतात 630 ग्रॅम. महिन्याला 50 किलो विकायचे असतील तर यंत्रापाशी जवळजवळ 80 तास उभं राहायला हवं. निवडणं, दळणं, पिशव्या भरणं आणि गिऱ्हाइकाचे फोन घेणं यात धरलेलं नाही.

‘शेंगदाणे भाजता येतात, मग कॉफीत काय एवढं?’ हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. एकदा चांगली कॉफी भाजणं खरोखरच फार अवघड नाही. साधारण 196 अंशांच्या आसपास दाणे तडतडू लागतात, दाण्यावरचा पातळ पापुद्रा सुटून उडतो आणि गवतासारखा वास जाऊन पावाच्या कडेसारखा खरपूस वास येतो. अडचण तिथून पुढे असते. या तडतडीनंतर अर्ध्या मिनिटाच्या फरकानेही चव बदलते. यंत्र बंद केलं तरी दाणा आतल्या उष्णतेने भाजत राहतो, म्हणून चारेक मिनिटांत तो गार करावा लागतो. शेंगदाणे आज थोडे जास्त भाजले गेले तर कुणी तक्रार करत नाही. पण 250 ग्रॅमसाठी चार-पाचशे रुपये मोजणाऱ्याला दुसरी पिशवी पहिलीसारखीच हवी असते. त्यासाठी प्रत्येक घाण्याचं तापमान, वेळ आणि वजन वहीत उतरवावं लागतं, भाजून फिकट राहिलेले अपक्व दाणे हाताने वेचावे लागतात आणि बिघडलेला घाणा मुकाट्याने बाजूला ठेवावा लागतो. महागडं यंत्र घेतलं की हे आपोआप होतं, ही समजूत यंत्र विकणाऱ्यांच्या सोयीची आहे.

ताजेपणाबद्दलचे गैरसमज तर पाकिटावर छापून विकले जातात. ‘सकाळी भाजली, संध्याकाळी दारात’ हे ऐकायला छान, पण नुकत्या भाजलेल्या दाण्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. अशा दाण्यांच्या पुडीवर पाणी ओतलं की ती फसफसून वर येते आणि अर्क एकसारखा उतरत नाही. म्हणून कॉफीला काही दिवस मुरू द्यायचं असतं, आणि म्हणूनच पिशवीला हवा बाहेर सोडणारी पण आत न घेणारी झडप लागते. दाण्यावर चमकणारं तेलही ताजेपणाची खूण नव्हे. ते गडद भाजणीचं लक्षण आहे, आणि पृष्ठभागावर आलेलं तेल हवेत लवकर खवट होतं. गडद कॉफी जास्त ‘कडक’, म्हणजे तिच्यात कॅफीन जास्त, हेही खरं नाही. भाजण्याने कॅफीन फारसं कमी-जास्त होत नाही. फरक पडतो दाण्याच्या जातीने: अरेबिकात ते साधारण सव्वा ते दीड टक्का असतं, रोबस्टात दोन टक्क्यांहून जास्त.

‘माल उत्तम घेतला की चव उत्तमच येणार,’ असंही सांगितलं जातं. पण प्लँटेशन एए या नावातलं एए हे दाण्याच्या आकाराचं माप आहे, 7.1 मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारा दाणा. चवीची हमी त्यात नाही. चवीसाठी नमुना मागवून, भाजून, पिऊनच पाहावं लागतं. पावसाळ्याबद्दलचा भ्रम कोकण-मुंबईत विशेष धोक्याचा. मान्सून्ड मलबार दमट वाऱ्यावरच तयार होते ना, मग आपली पोती तशीच ठेवली तर काय बिघडलं? तर ती कॉफी पश्चिम किनाऱ्यावरच्या खास गोदामांत पातळ थरांत पसरून, पुन्हापुन्हा उलथून, कित्येक आठवडे राखली जाते. डोंबिवलीच्या माळ्यावर बांधून ठेवलेल्या पोत्याला जुलैत फक्त बुरशी येईल.

गिऱ्हाइकाबद्दलचा गैरसमज मला सर्वांत महागडा वाटतो. शहरात कॅफे वाढले म्हणजे सगळ्यांना हलक्या भाजणीची, फळासारख्या आंबटसर चवीची कॉफी हवी आहे, असं नाही. मराठी घरातली कॉफी बहुधा इन्स्टंट असते, दूध-साखरेची, वर जायफळ. इन्स्टंट घरी बनवता येत नाही, त्याला कारखाना लागतो. फिल्टर कॉफीचं गिऱ्हाईक माटुंग्यासारख्या भागात आहे, पण त्याला चिकोरी लागते. चिकोरी म्हणजे भेसळ, असं मानणाऱ्याने नियम वाचावा: मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी असली आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापलं, की ते पूर्ण कायदेशीर आहे. दाट दुधात टिकणारी चव देणं हे कमीपणाचं नाही. हलक्या भाजणीचे नाजूक सूर त्या दुधात बुडून जातात आणि त्यांच्यासाठी दिलेले जास्तीचे पैसेही.

‘घरातून करतोय, कागदपत्रं कशाला?’ याला उत्तर थोडक्यात आहे. विक्री पहिल्या पिशवीची असली तरी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते आणि तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. हिरव्या दाण्यावर जीएसटी नाही, भाजलेल्यावर 5 टक्के आहे. राज्याबाहेर माल पाठवायचा तर उलाढाल लहान असली तरी जीएसटी नोंदणी टळत नाही. सोसायटीचा प्रश्न वेगळाच. गडद भाजणीचा धूर खालच्या-वरच्या मजल्यांना आवडत नाही, आणि साठलेला कोरडा पापुद्रा ठिणगीने पेट घेतो, म्हणून धुराची नळी आणि ट्रे रोज साफ हवेत.

मग घरून हा धंदा होतच नाही का? होतो, पण छोट्या मापाने. महिन्याला 10-12 किलो, एकच मिश्रण, दर पंधरवड्याला तेच मागवणारी तीस-चाळीस घरं, आणि मागणी आल्यावरच भाजणं. एवढ्यात चरितार्थ चालत नाही हे खरं, पण न खपलेला मालही उरत नाही. पैसा घालण्याचा क्रम मात्र उलटा हवा. बंगळुरूला कॉफी बोर्ड ‘कापी शास्त्र’ नावाचं प्रशिक्षण देतं. त्याची फी यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ आहे, आणि आपल्याला हा धंदा खरोखर करायचा आहे का, हे यंत्र दारात येण्याआधीच तिथे कळतं.