विचारल्यावाचून

संघाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून द्यावेत, असा चिटणीसांचा आग्रह झाला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे सारे आयुष्य धान्याच्या पोत्यांत गेले. तेव्हा विद्वत्तेचे काही सांगण्याचा अधिकार मजकडे नाही. परंतु बेळगावच्या बाजारात सुमारे अर्धशतक गादीवर बसून राज्यकारभाराचे, यंत्रांचे आणि माणसांचे जे पालट पाहिले, त्यांतील एक गोष्ट मनाला सतत टोचत आली आहे. ती आपल्या सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावी, एवढाच हेतू.

२०१९ सालच्या सुगीतील हकीकत. खानापूर तालुक्यातील एक शेतकरी वडिलांच्या वेळेपासून आपले भात आमच्याच दुकानी आणीत असे. त्या वर्षी माझ्या मुलाने रोखीचा व्यवहार बंद करून सर्वांचे पैसे मोबाइलवरून परस्पर बँकेत पाठविण्याचा क्रम सुरू केला होता. या शेतकऱ्याचेही सुमारे सत्तर हजार रुपये, माप होऊन त्याचा चहा संपण्याच्या आत, त्याच्या खात्यावर जमा झाले. मी मनाशी म्हटले, केवढी ही सोय!

तिसऱ्या दिवशी तो परत आला. पीककर्जाची थकबाकी होती. बँकेने सारी रक्कम त्यात वळती करून घेतली होती. माघात मुलीचे लग्न ठरलेले. कर्ज तो बुडविणार नव्हता, पण आधी लग्न आणि मग कर्ज, असा त्याचा हिशेब होता. तो हिशेब आम्ही त्याला न विचारता मोडला. मी त्याला काय उत्तर दिले? “पैसे नियमाप्रमाणे दिले, पुढचे बँकेला विचार.” पुढच्या सुगीत त्याची ट्रॉली माझ्या दुकानासमोरून गेली. ती थांबली नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात खोटी मापे आणि मालातील भेसळ यांची गणना अचौर्यव्रताच्या अतिचारांत केली आहे. माझे माप चोख होते, भाव खरा होता, पावतीही बिनचूक होती. तरीही त्या माणसाचे काहीतरी मी हिरावून घेतले, ही जाणीव सुटेना. ते काय, हे कळण्यास मला दोन वर्षे लागली. आपल्या पैशांचे काय व्हावे, हे ठरविण्याचा त्याचा अधिकार मी घेतला होता.

येथे पूर्वीचा काळ सोन्याचा होता, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. आपल्या देशातील अनेक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची हत्ता पद्धत होती. ज्याचा माल, तो शेजारी उभा. पण त्याला भावाचा पत्ता नसे. कर्नाटकाने संगणकावरून निविदा घेण्याची पद्धत आणली, २०१६च्या एप्रिलमध्ये केंद्राची ई-नाम योजना आली, आणि रुमालाखालचा भाव उघड्यावर आला. विजेच्या काट्याने तोलाईची हातचलाखी कमी केली. यंत्राचे हे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. दोष यंत्राचा नव्हे. यंत्राने वेग दिला, आणि त्या वेगात विचारपूस करण्याचे आपण सोडून दिले.

राज्यकारभारातही हेच दिसते. वडील सांगत की, दशमान नाणी १९५७ साली आणि किलोग्रॅमची वजने १९५८पासून आली, तेव्हा जुने व नवे काही काळ बरोबरीने चालू ठेवले गेले. शेर-मणाचा माणूस हळूहळू किलोवर आला. याउलट ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री आठच्या सुमारास घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून पाचशे व हजाराच्या नोटा चलनातून बाद झाल्या. किमतीने पाहता चलनातील सुमारे ८६ टक्के नोटा त्या होत्या. भाताची सुगी तोंडावर आलेली. देण्यास नोटा नाहीत म्हणून मी नुसत्या चिठ्ठीवर माल ठेवून घेतला, आणि लोकांनी तो विश्वासाने ठेवला. त्यांत हा शेतकरीही होता, हे मी २०१९ साली विसरलो.

शेतमालाच्या व्यापाराचे तीन कायदेही जून २०२०मध्ये प्रथम वटहुकमाने आले. ते बरे की वाईट, यावर आपल्या संघातही दोन मते होती व आहेत. परंतु ज्यांच्यासाठी ते केले, त्यांच्यापैकी हजारो लोक वर्षाहून अधिक काळ दिल्लीच्या सीमांवर बसले, आणि नोव्हेंबर २०२१मध्ये ते कायदे मागे घ्यावे लागले. आधी विचारण्यास जो वेळ लागला असता, त्याहून अधिक वेळ न विचारल्यामुळे गेला.

मात्र सरकारकडे बोट दाखविताना घराकडेही पाहावे. १९७६ साली मॅट्रिक होताच वडिलांनी मला गादीवर बसविले. पुढे शिकावयाचे आहे काय, असे विचारले नाही. मीही मुलाला विचारले नाही. मुलानेही दुकानाची रीत बदलताना मला विचारले नाही. मग तक्रार कोणत्या तोंडाने करावी? आणि आता तर क्षमावाणीचा संदेशही आपण एका बोटाने तीनशे जणांना धाडतो. ज्याचे खरोखर मन दुखविले, त्याचे नाव त्या यादीत आहे की नाही, हेही पाहत नाही.

२०२१च्या पर्युषणानंतर मी तसा संदेश पाठविला नाही. मुलाला बरोबर घेऊन त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो आणि हात जोडले. त्याने चहा दिला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “पैसं तुमी दिलासा अण्णा, त्यात खोट न्हाई. पर एक डाव इचारायचं व्हतं.”

परतताना गाडीत मुलगाही गप्प होता. दुसऱ्या दिवशी दुकानी गेलो तो संगणकावरील खरेदीच्या नोंदीत त्याने एक नवा रकाना वाढविला होता : ‘पैसे कसे हवेत, विचारले काय?’ तो रकाना भरल्यावाचून आता आमच्याकडे कोणाचेही पैसे जात नाहीत. यास मिनिटभर लागतो.

त्या शेतकऱ्याची ट्रॉली पुढील सुगीत दुकानासमोर थांबली. पूर्वीइतके भात तिच्यात नव्हते. निम्मे त्याने दुसरीकडे घातले होते. तेही योग्यच झाले, असे मी मानतो. गेलेली पत एका चहाने सबंध परत येत नाही. नव्या पिढीच्या हाती आपण दुकाने सोपवीत आहोत. यंत्रे ती आपल्याहून उत्तम चालवील यात शंका नाही. त्या यंत्रांत हा एक रकाना तेवढा राहावा, अशी तिला माझी विनंती आहे. आज्ञा नव्हे, कारण तिलाही विचारूनच सांगितले पाहिजे.