रानाच्या मापाची गाडी

नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीतली वाफ केव्हाच विरली. मग तिच्यात जपण्यासारखे उरले काय? रुळांवाचून राहिलेल्या तालुक्यातल्या एका प्रवाशाने घेतलेला हा शोध.

जाफराबाद तालुक्यात रेल्वे नाही. पूर्णा आणि खेळणा या नद्यांच्या संगमावरचे हे आमचे गाव. पडका का होईना किल्ला आहे, तहसील कचेरी आहे, आठवड्याचा बाजार आहे. पण गाडीची शिट्टी ऐकायची तर एसटीत बसून जालना गाठावे लागते. निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे आली. ती मनमाडहून औरंगाबाद, जालना करीत परभणीकडे निघून गेली आणि आम्ही उत्तरेला तसेच राहिलो. जालना-खामगाव मार्गाची चर्चा तर इंग्रजांच्या अमदानीपासूनची. त्याच्या सर्वेक्षणाच्या बातम्या वाचता वाचता आमच्याकडे तीन पिढ्यांचे केस पांढरे झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी दिली. तो शेजारच्या भोकरदनवरून जाणार आहे. म्हणजे शिट्टी निदान शेजाऱ्याच्या अंगणात तरी वाजेल!

ज्याच्या दारात रूळ नाहीत त्याला रेल्वेचे अप्रूप अंमळ जास्तच असते. जालन्याच्या फलाटावर मीटरगेजचे ते काळे, घामेजलेले इंजिन फुसफुसत उभे राही, तेव्हा आम्ही पोरे आईचे बोट सोडून त्याच्याकडे धावायचो. खिडकीत बसावे तर डोळ्यांत कोळशाचा कण ठरलेला. नव्वदच्या दशकात हा मार्ग रुंद झाला. गाड्या वाढल्या, वेग वाढला, आणि डोळ्यांतला कण गेला तो कायमचाच.

म्हणून गेल्या हिवाळ्यात माथेरानच्या गाडीत बसायला म्हणून मुद्दाम निघालो. घरच्यांनी विचारले, "तिकडे लोक पोराबाळांना घेऊन जातात, नवराबायको जातात. तुम्ही एकटे कशाला?" उत्तर माझ्यापाशी नव्हते. जालन्याला रात्री देवगिरी पकडली, पहाटे कल्याणला उतरलो आणि कर्जत लोकलने नेरळला पोचलो.

डोंगर चढण्याच्या दोन रीती

नेरळच्या फलाटावर उभे राहिले की सह्याद्री चढण्याच्या दोन रीती एकाच ठिकाणी दिसतात. एका बाजूला मोठी लाइन कर्जतकडे आणि पुढे बोरघाटाकडे धावते. दुसऱ्या बाजूला, हाताच्या दोन वितींत मावेल की काय असे वाटणारी, दोन फुटी रुंदीची लाइन मान वळवून माथेरानकडे निघते.

बोरघाटाची रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी पंचवीस बोगदे खणावे लागले, दऱ्यांवर दगडी कमानींचे पूल उभारावे लागले आणि साथीच्या रोगांत, अपघातांत हजारो मजूर मेले. मोठ्या गाडीला मोठे वळण लागते; तिला पटकन वळता येत नाही. त्यामुळे डोंगर आडवा आला की तो फोडणे एवढाच मार्ग उरतो.

माथेरानची कथा वेगळी. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये या पठारावर चढून गेले आणि मुंबईच्या साहेबलोकांना हवा खायला एक जागा मिळाली. त्यानंतर अर्धे शतक लोक वर गेले ते घोड्यावर, पालखीत नाहीतर पायी. गाडी वर न्यायची कल्पना मनावर घेतली ती अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय हे त्यांचे वडील. वडिलांनी पैसा पुरवला, मुलाने काम तडीस नेले. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि मार्च १९०७ मध्ये गाडी माथ्यावर पोचली. खर्च आला सोळा लाख रुपये. तीन वर्षे आणि सोळा लाख! आमच्या खामगाव मार्गाची आठवण झालेल्या माणसाच्या तोंडून इथे उसासा निघाला तर वाचकांनी क्षमा करावी.

या मार्गाच्या आखणीत एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरचा सल्ला होता. हे नाव मराठवाड्याला परके नाही. बार्शी लाइट रेल्वे उभारली ती याच गृहस्थाने. १८९७ मध्ये बार्शीला पोचलेली ती अडीच फुटी गाडी १९११ मध्ये थेट लातूरपर्यंत आली. पुढे याच माणसाने वैमानिकांचे जीव वाचवणारी हवाई छत्री तयार करण्यात आयुष्य वेचले. कॅलथ्रॉपचे म्हणणे साधे होते : रूळ अरुंद असले म्हणून गाडी कुचकामी ठरत नाही, जमिनीचे आणि गिऱ्हाइकाचे माप घ्या, मग कपडा बेता.

माथेरानला हे बेतणे फार बारकाईने झाले आहे. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर, माथेरानचे स्थानक आठशे मीटरवर. मधली चढण वीस फुटांस एक फूट, इतकी तीव्र. ती चढायला दात असलेला तिसरा रूळ टाकलेला नाही, डोंगर पोखरलेला नाही. लाइन नुसती वळत जाते. डोंगराने पोट पुढे काढले की ती बाहेरून फिरते, ओढा आला की आत शिरून ओलांडते. एकवीस किलोमीटरांत बोगदा एकच, तोही असा आखूड की 'वन किस टनेल' असे त्याचे नाव पडले. एका चुंबनापुरता अंधार!

अशा वळणांवर नेहमीचे इंजिन चालणे शक्य नव्हते. तीन जोड्या चाकांचे इंजिन ताठ चौकटीत बसवले तर अशा वळणावर ते रुळांतच अडकते. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीकडून चार खास इंजिने आली. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या आसांवर पोकळ नळीसारखे दुसरे आस बसवलेले होते. त्यामुळे चाके वळणाबरोबर थोडी तिरपी होत आणि तरीही इंजिनाची ताकद त्यांना मिळत राही. आपल्या बैलगाडीच्या धुरेला जशी थोडी ढिलाई ठेवतात, तसेच काहीसे. ताठ राहिलेले मोडते, हे सुताराला ठाऊक असते आणि चांगल्या इंजिनिअरलाही.

वाफ गेली, वाट राहिली

या चार इंजिनांनी पाऊणशे वर्षे सेवा केली. पन्नाशीच्या दशकात डिझेल इंजिने आली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वाफेची इंजिने निवृत्त झाली. एक साता समुद्रांपलीकडे इंग्लंडात गेले. एक नेरळलाच रंगरंगोटी करून उभे केलेले आहे. मी त्याच्या बाजूला बराच वेळ उभा राहिलो. लोक येत होते, लेकरांना चढवून फोटो काढत होते. त्याच्या पोटात आग नव्हती, पण अंगावर रंग ताजा होता. अशा वेळी मनात पहिला विचार येतो तो असा : पाहण्यासारखे होते ते संपले. निलगिरीच्या डोंगरात अजून वाफेची इंजिने चढण चढतात, दार्जिलिंगला अजून धूर दिसतो. आपल्याकडे मात्र उरला तो पुतळा.

गाडी सुटली आणि हा विचार हळूहळू मागे पडला. इंजिन डिझेलचे, वेग ताशी बारा किलोमीटरच्या आसपास. पळत सुटलेले पोर सहज बरोबरी करील. जुम्मापट्टीपर्यंत उघडे, पिवळ्या गवताचे उतार. पुढे वॉटर पाइप स्थानक येते. नावातच पाणी असलेले. तिथून वर रान दाट होत जाते. जांभूळ, हिरडा, आंजणी यांच्या फांद्या खिडकीतून हात घालतील इतक्या जवळ येतात. काळ्या कातळाची जागा तांबडा जांभा घेतो आणि मातीचा रंग बदलतो. पुढचा डबा वळणावर इतका आडवा होतो की त्यातल्या प्रवाशांचे चेहरे समोरासमोर दिसतात. एका वळणावर खाली तीच लाइन दिसली, जिच्यावरून आम्ही पंधरा मिनिटांपूर्वी आलो होतो. रुळांच्या दोन्ही अंगांना झाडे होती ती तशीच उभी. रेल्वेने रानाला चिरत जावे असे आपण नेहमी पाहतो; इथे ती पायवाटेसारखी रानाला विचारत विचारत वर जाते. माथ्यावरचे रान ते माथेरान, अशी या नावाची फोड करतात. या गाडीच्या वाटेने गेलो की ती पटते.

वाफ हा या वाटेचा एक काळ होता. खरा वारसा म्हणजे ही वाट. तिची वळणे, तिचे माप. आणि वाट चालती राहिली तरच वाट. न वापरलेली पाणंद दोन पावसाळ्यांत बाभळीखाली बुजते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

दर पावसाळ्यानंतर नवी

ही वाट चालती ठेवणे किती कठीण आहे, ते अमन लॉजजवळ रुळांवर काम करणाऱ्या एका गँगमनशी बोलताना कळले. पावसाळ्याचे चार महिने खालून वर येणारी गाडी बंद असते. फक्त अमन लॉज ते माथेरान एवढी फेरी चालू राहते. मी म्हटले, "मग तेव्हा तुम्हाला आराम." तो हसला. "तेव्हाच तर काम. गाडी बंद असते, डोंगर थोडाच बंद असतो?" दरड कुठे आली, खडी कुठे वाहून गेली, गटार कुठे तुंबले, हे पाहत फिरायचे. आमच्या जाफराबादला वर्षभरात पडत नाही त्याहून अधिक पाऊस इथे एकट्या जुलैत कोसळतो.

२६ जुलै २००५ च्या महापुराने मार्ग ठिकठिकाणी उखडला. तो दुरुस्त व्हायला २००७ उजाडले. गाडीची शंभरी त्याच वर्षी होती. मे २०१६ मध्ये डबे घसरल्याने गाडी पुन्हा थांबली. आधी प्रत्येक डब्यावर ब्रेक लावणारा माणूस बसे आणि शिट्टीच्या इशाऱ्यावर हाताने ब्रेक फिरवी; त्यानंतर डब्यांना हवेच्या दाबाचे ब्रेक बसले, धोक्याच्या कड्यांवर कठडे उभे राहिले. २०१८ च्या आरंभी गाडी पुन्हा धावली. २०१९ च्या पावसाने ती पुन्हा बंद पाडली ती ऑक्टोबर २०२२ पर्यंत. दर वेळी हिशेबी माणसे विचारतात, इतका खर्च कशाला? घाटरस्ता आहेच की दस्तुरीपर्यंत.

हा प्रश्न वेडगळ नाही. त्याचे उत्तर मात्र तिकिटांच्या हिशेबात सापडणार नाही. दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात आणि पुढे माथेरानात मोटारीला बंदी आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. नाक्यापुढे घोडा, पाय, हातरिक्षा आणि ही गाडी. माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये बजावले, ते योग्यच झाले. त्याआधी २०२२ च्या अखेरीपासून ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर आल्या होत्या. गावात चारेक हजार माणसे राहतात. त्यांना आजारपण आहे, शाळा आहे, म्हातारपण आहे. निसर्ग राखायचा म्हणून त्यांनी जन्मभर तंगडतोड करावी, असे मोटारीतून येणाऱ्या पाहुण्याने सांगणे शोभत नाही.

पण म्हणूनच गाडी हवी. ती जेव्हा जेव्हा बंद पडते, तेव्हा दस्तुरीवर मोटारींची रांग लांबते आणि रस्ता आणखी पुढे न्या, ही मागणी जोर धरते. तो पुढे गेला की झाडांमागून झाडे जातील. एकशेवीस वर्षे होत आली, या दोन फुटी रुळांनी सहा पदरी हट्टाला खाली थोपवून धरले आहे. खेळण्यातली गाडी म्हणून आपण जिचे कौतुक करतो, ती या रानाची राखणदार आहे.

दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या गाड्या जागतिक वारसा ठरल्या. माथेरानची गाडी संभाव्य यादीत नाव लावून बसली आहे. तो मान मिळाला तर आनंदच. परंतु बिरुदाने दरड हटत नाही. ती त्या गँगमनच्या पहारीने हटते. म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी पैसा आणि माणसे ठरल्या वेळी पोचणे हाच वारशाचा खरा सन्मान. पाहुण्यांनीही एक करावे : एक वेळ तरी मोटार खाली नेरळला सोडून अडीच-तीन तास या गाडीत घालवावेत.

आणि आम्हा मराठवाड्याच्या माणसांनी? आमच्याकडे आता मोजणीची माणसे येऊ लागतील, खुंट्या रोवल्या जातील. मार्ग रुंद असेल, वेगवान असेल, आणि तो तसाच हवा. कापूस, मका आणि माणसे दोन फुटी गाडीत मावणार नाहीत. तरी आखणारे गावात येतील तेव्हा त्यांना विचारावे, की या नाल्याचे पाणी कुठून काढणार, गुरांची वाट कुठे ठेवणार, पूर्णेकाठची ती चार जुनी झाडे वाचतील का. रूळ येण्याची वाट आम्ही शंभर वर्षे पाहिली. ते आमच्या जमिनीचे माप घेऊन यावेत, एवढे मागण्याचा हक्क या प्रतीक्षेने आम्हाला नक्कीच दिला आहे.